मंद्याला पत्र: तुर्की दुनळी घेऊ की नको?

डेटन, ओहायो

प्रिय मंद्या,

तुझं पत्र वाचून आधी मनसोक्त हसलो. चाळिशी उलटल्यावर लोक गुडघ्याचे व्यायाम सुरू करतात, तू उडत्या मातीच्या तबकड्या फोडायला निघालास! पण ग्रीन कार्ड हातात आलंय, ऑफिसातल्या चौघांनी क्लबच्या ट्रॅप लीगमध्ये, म्हणजे या तबकड्या फोडायच्या खेळात, नाव घातलंय, म्हटल्यावर तू मागं राहणार थोडाच. वहिनी काय म्हणाल्या ते मात्र तू शिताफीनं गाळलंस.

तर तुझा प्रश्न. दुकानात पाच-सहाशे डॉलरला कोरी करकरीत तुर्की दुनळी दिसतेय, तिच्या शेजारी इटालियन बेरेटाची सिल्व्हर पिजन, अडीच हजाराच्या आसपास. दोन्ही बारा बोअर, दोन्हींच्या नळ्या एकावर एक, दोन्हींत काडतूस तेच. मग चौपट पैसे कशाचे?

थोडे नावाचे, हे उघड आहे. 1526 साली व्हेनिसच्या शस्त्रागाराला 185 नळ्या पुरवल्याची नोंद ज्या बेरेटा घराण्याकडे आहे, ते घराणं त्या नोंदीचे पैसे लावणारच. पण नुसत्या नावावर ही तफावत निघत नाही.

आधी एक समजूत काढून टाक, की तुर्की म्हणजे स्वस्त आणि जपानी-इटालियन म्हणजे भारी ही वाटणी कायमची आहे. तुझ्या क्लबातले म्हातारे ज्या ब्राउनिंग सिटोरीच्या आणाभाका घेतात, ती जपानात मिरोकूच्या कारखान्यात बनते. ब्राउनिंगची मूळ दुनळी, सुपरपोज्ड, बेल्जियममध्ये बनायची. तिच्यात हातकाम फार. मजुरी वाढत गेली तशी तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली, आणि 1973 मध्ये सिटोरी आली ती तिच्या जागी परवडणारी म्हणून. म्हणजे आजची ‘भारी’ बंदूक ही कालची स्वस्त आयातच. तुर्कांचंही तसं होणार नाही असं मी छातीठोक सांगणार नाही. कोन्या प्रांतात बेयशेहिर तालुक्यातली हूलू आणि उझुम्लू ही गावंच्या गावं या धंद्यावर जगतात. हूलूची सहकारी संस्था 1962 ची आहे, म्हणजे आपल्याकडे साखर कारखान्यांचं सहकार जोर धरत होतं तेव्हाची. आणि गंमत बघ, युरोपातल्या महागड्या बंदुकांच्या दस्त्यांना जे अक्रोडाचं देखणं लाकूड लावतात, त्यातलं पुष्कळसं तुर्कस्तानातूनच जातं. त्यामुळे लाकडावर भाळू नकोस. लाकूड त्यांच्याकडे घरचं आहे.

आता मुद्द्यावर येतो. बंदुकीच्या कुठल्या प्रकारात स्वस्ताई खपते आणि कुठल्या प्रकारात ती अंगावर येते, हे बघायचं. एका नळीच्या अर्धस्वयंचलित बंदुकीत बहुतेक भाग यंत्रावर कापले जातात आणि तसेच बसतात. स्टोगरची एम 3000 तुर्कस्तानात बनते. स्टोगर आणि बेनेली दोन्ही बेरेटाच्याच गोतावळ्यातल्या, आणि बेनेलीनं नावारूपाला आणलेली ती धक्क्यावर चालणारी यंत्रणा, बोल्टमधल्या एका जाड स्प्रिंगवर सगळा खेळ असलेली, हिच्यातही आहे. किंमत बेनेलीच्या एम 2 च्या निम्म्याहून कमी. चिखलात बदकांच्या मागं लोळायचं असेल तर मी डोळे मिटून तीच घेईन. ओरखडा पडला तरी जीव हळहळत नाही.

दुनळीचं तसं नाही. दोन नळ्या अशा जोडाव्या लागतात की दोन्हींचे छर्रे ठरावीक अंतरावर एकाच जागी पडले पाहिजेत. नळ्यांचा सांधा सांगाड्यात इतका नेमका बसावा लागतो की हजारो बार झाले तरी फट पडू नये. हे काम आजही बरंचसं माणसाच्या डोळ्यानं आणि कानशीनं होतं. किंमत उतरवायची तर पहिली कात्री याच वेळेला लागते. म्हणून स्वस्त अर्धस्वयंचलित हा बरेचदा चांगला सौदा असतो, आणि स्वस्त दुनळी हा नशिबाचा. एखादी उत्तम निघते, तिच्याच शेजारच्या खोक्यातली नाही.

आमच्या क्लबात एकानं अशीच एक नवी आणली होती. कुठली ते राहू दे. दिसायला झकास, बाजूंवर पक्ष्यांची नक्षी. पुढचा लाकडी भाग हातात धरून हलवली तर आत बारीक खुळखुळ. दस्ता जिथं लोखंडाला टेकतो तिथं एका बाजूला लाकूड बोटाला लागण्याइतकं वर आलेलं, दुसऱ्या बाजूला नख शिरेल एवढी फट. हलकी काडतुसं घातली की पहिला बार व्हायचा आणि दुसऱ्या वेळी चाप मेल्यासारखा. अशा चापाला दुसऱ्या नळीवर जायला पहिल्या बाराचा धक्का लागतो. हलक्या काडतुसाचा धक्का त्याला पुरत नव्हता. ही रचना महागड्या बंदुकांतही असते, फक्त तिथं स्प्रिंगा नीट जुळवलेल्या असतात. त्यानं ती दुरुस्तीला पाठवली आणि अर्धा हंगाम दुसऱ्याची बंदूक मागून काढला. आयात करणारी कंपनी उद्या राहील का, फायरिंग पिन मोडली तर सुटी मिळेल का, हा हिशेब किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. बेरेटाचे सांध्याचे आणि नळ्या बंद ठेवणाऱ्या कुलपाचे भाग झिजले की बदलता येतात, आणि ते करणारा कारागीर तुला मिनियापोलिसच्या आसपास सहज सापडेल.

पण थांब, तू ट्रॅप खेळणार आहेस ना? आणि तेही साध्या लीगचं, एकेका तबकडीचं? त्यात एका वेळी एकच काडतूस भरायचं आणि एकच बार टाकायचा. दुसरी नळी नुसती मिरवायला! म्हणजे ज्या भागासाठी तू तडजोड करणार, तो भाग तू वापरणारच नाहीस. मग एकनळीच घे. ब्राउनिंगची बीटी-99 म्हणून आहे, खास ट्रॅपसाठी बनवलेली, मोडून उघडणारी. तीही मिरोकूचीच, आणि वापरलेली हजाराच्या आसपास मिळून जाते. तेवढं नको असेल तर जुनी रेमिंग्टन 1100 बघ. काडतुसाच्याच गॅसवर चालते, खांद्याला धक्का मऊ लागतो, आणि 1963 पासून इतक्या खपल्यात की सुटे भाग मिळायला अडचण नाही. दोन्ही बंदुका पाच वर्षांनी विकायला काढल्यास तर फारसं नुकसान होणार नाही. नवी तुर्की दुनळी दुकानाबाहेर पडल्या पडल्या निम्म्यावर येते.

आणि किमतीचा एवढा घोळ घालतोयस, पण काडतुसांचा हिशेब केलास का? 25 चं खोकं साधारण दहा डॉलरला पडतं, वर तबकड्यांची फी. लीगच्या एका संध्याकाळी 50 तबकड्या म्हणजे पस्तीस-चाळीस डॉलर गेले. आठवड्याला एकदा असं वर्षातून सात-आठ महिने गेलास तर काडतुसं आणि फी मिळून हजारावर खर्च. बंदुकीत वाचवलेले पैसे तिथं कुठल्या कुठं विरतात.

त्याहून मोठी गोष्ट मापाची. या बंदुका इथला सरासरी माणूस डोळ्यासमोर ठेवून बनवतात, आणि तू आपल्या सांगलीच्या मापाचा. दस्ता लांब पडला की गाल नीट टेकत नाही, डोळा नळीवरच्या नेमाच्या पट्टीच्या वर जातो आणि नेम चुकतो. मग माणूस बंदुकीला शिव्या घालतो. दस्ता कापून घ्यायला फार पैसे लागत नाहीत, पण कापलाच पाहिजे. मापात बसलेली तुर्की ही मापाबाहेरच्या बेरेटापेक्षा केव्हाही बरी, एवढं मी तुर्कांच्या बाजूनं सांगतो.

आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही बघ. साध्या परवानाधारकाला बाहेरून बंदूक आणायची बंदी ऐंशीच्या दशकापासून, त्यामुळे जुन्या विलायती बंदुकांना लाखांनी भाव. कोकणातल्या तुझ्या मामांची शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आठवते? निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि निकाल लागेपर्यंत माकडांना मोकळं रान! इथं शंभर तऱ्हांच्या बंदुका समोर मांडलेल्या, म्हणून तुला हे पत्र लिहावं लागलं.

घाई करू नकोस. पहिला महिनाभर क्लबच्या बंदुका मागून घे, लोक आनंदानं देतात. घरात कुलपाची पोलादी पेटी आधी आण, बंदूक नंतर, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. वहिनींना हे वाक्य वाचून दाखव.

ऑगस्टमध्ये जमव. ग्रँड अमेरिकन ही ट्रॅपची मोठी स्पर्धा 2005 पर्यंत इथं आमच्या शेजारी व्हँडालियाला व्हायची. विमानतळ वाढवायचा म्हणून तिला हलवलं, आणि 2006 पासून ती इलिनॉयमधल्या स्पार्टाला असते. 120 मैदानं एका रांगेत, आणि दुकानदारांचे गाळेच्या गाळे. वापरलेल्या बीटी-99 हातात घेऊन, खांद्याला लावून बघता येतील. मी इकडून निघतो, तू तिकडून. कानाला लावायचे मफ स्वतःचे आण, माझे उसने मिळणार नाहीत.

तुझा,
बाळ्या