समासातली पेन्सिल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

माझ्या चारही कादंबऱ्यांच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव नाही. दर वेळी मी ते लिहिलं आणि दर वेळी शेवटच्या प्रुफात तुम्ही त्यावर काट मारलीत. ‘प्रुफं तपासणाऱ्याची आठवण लोकांना चूक सापडल्यावरच व्हावी,’ हे तुमचं ठरलेलं उत्तर. म्हणून हे जाहीर पत्र, तेही नाव न घेता. इथवर तुमची पेन्सिल पोचणार नाही.

अप्पा बळवंत चौकाजवळचा तो अंधारा जिना चढून तुमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्या हातात शिवकाळातली कादंबरी होती. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्यापासून सुरुवात केलेला माणूस ऱ्हस्व-दीर्घ बघेल, एवढीच माझी अपेक्षा. पहिल्याच प्रकरणात माझा जासूद दरवाजाबाहेर ‘दोन मिनिटं’ थांबला होता. समासात तुमचं बारीक अक्षर: ‘मिनिट कुठून आणलंत? 5 पळं.’ घरी जाऊन हिशेब मांडला. दिवसाच्या 60 घटका, घटकेची 60 पळं, म्हणजे एक पळ 24 सेकंदांचं. पाच पळं बरोबर दोन मिनिटं! पुढे एका पंगतीत मी बटाट्याची भाजी वाढली होती, तिच्यापुढे नुसतंच प्रश्नचिन्ह. मग चेव येऊन मी पानोपानी घटका-पळं पेरली, तर निम्मी तुम्हीच खोडलीत. ‘जासुदाला घाई आहे. तो पळं मोजत बसणार नाही.’

दुसरी भयकथा. ती वाचून एका प्रकाशकांनी सुचवलं की टोपणनाव घ्या, ऐतिहासिक वाचणाऱ्यांना हे रुचायचं नाही. मी जवळजवळ तयार झाले होते. दोन नावं काढूनही ठेवली होती (दोन्ही भयंकर होती, तेवढं एक बरं). तेव्हा तुम्ही जयंत नारळीकरांची गोष्ट सांगितलीत. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं. ‘त्यांनी नाव लपवलं ते कथेची कथा म्हणून पारख व्हावी म्हणून,’ तुम्ही म्हणालात, ‘तुम्ही लपवताय ते लोक हसतील म्हणून. दोन्हींत फरक आहे.’ टोपणनाव तिथेच राहिलं.

त्याच दिवशी, चहा निवत असताना, तुम्ही सनावळी ऐकवलीत. ‘यमुनापर्यटन’ 1857, विधवांच्या हालांची. ‘मुक्तामाला’ 1861, अद्भुतरम्य. ‘मोचनगड’ 1871, ऐतिहासिक. चौदा वर्षांत मराठी कादंबरी तीन घरं हिंडून आली, आणि तुमचा खरा प्रकार कोणता, असं तिला कुणी विचारलं नाही. मला मात्र प्रत्येक कार्यक्रमात विचारतात. पूर्वी मी ओशाळून काहीतरी सांगायची. आता 1857पासून सुरुवात करते आणि विचारणारा घड्याळ बघू लागतो.

त्या भयकथेत तुम्ही फारसं काही काढलं नव्हतंत. एकाच पानावर लिहिलं होतं: ‘पंखा थांबला, एवढं पुरे. पुढचं “ती घाबरली” काढा. घाबरायचं काम वाचकाचं.’ आणि बऱ्याच महिन्यांनी सहज बोलून गेलात की ती प्रुफं तुम्ही रात्री बाजूला ठेवून उजाडल्यावर पुरी केली. एवढं कौतुक मला कुठल्या परीक्षणातही मिळालेलं नाही.

तिसरीत नवरा नाशकात, बायको मंगळावर, आणि दोघांचं कडाक्याचं भांडण. शब्दाला शब्द, मला फार आवडलेलं. पण पाठ्यपुस्तकांची प्रुफं वाचून वाचून तुम्हाला सगळ्या विषयांतलं थोडं थोडं ठाऊक. ‘तिथून इथे आवाज यायला 3 ते 22 मिनिटं लागतात. याचं बोलणं जाऊन तिचं उत्तर येईतो पाऊण तास. तोवर हा काय करतो?’ दोन दिवस तुमचा राग आला. मग तोच प्रश्न घेऊन बसले. तो एक लागट वाक्य बोलतो. बोलताक्षणी पस्तावतो. पण ते निघून गेलेलं असतं, आणि मागोमाग पाठवलेली माफी त्या वाक्याला वाटेत गाठू शकत नाही. मग तो बोलतच राहतो, कुणी ऐकत नसलेल्या खोलीत. ती सहा पानं मला इतर कुठल्याच प्रकारच्या कादंबरीत लिहिता आली नसती.

चौथी गुन्ह्याची, 2024च्या गणपतीत घडणारी. फिर्यादीच्या कागदावर मी खुनाला 302 कलम लावलं होतं. तुमची पेन्सिल म्हणाली, ‘1 जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली. कागदावर 103. हवालदाराच्या तोंडी 302च राहू द्या, त्याची तीस वर्षांची सवय आहे.’ त्या एका ओळीने माझा हवालदार जिवंत झाला. आणखी एका पानावर इन्स्पेक्टर मयताच्या खिशातली चिठ्ठी वाचून गप्प बसतो. तिथे दोनदा अधोरेखित: ‘याला कळलं. मला का नाही कळलं?’

हा प्रश्न तुम्ही चारही पुस्तकांना वेगवेगळ्या शब्दांत विचारलात. वाचकाला हे कधी कळतं? इतिहासात शेवट त्याला आधीच ठाऊक असतो. भयकथेत दार उघडू नये हे पात्राच्या आधी त्याला कळतं. गुन्ह्याच्या गोष्टीत त्याला तपास करणाऱ्याच्या बरोबरीने चालू द्यावं लागतं, नाहीतर ती फसवणूक. मी प्रकार बदलते म्हणजे कपडे बदलते असं लोकांना वाटतं, मलाही वाटायचं. प्रत्यक्षात दर वेळी वाचकाशी नव्याने करार करावा लागतो, आणि तो मोडला की तुमची पेन्सिल टोचते.

अर्धविरामाबद्दल मात्र तुमचं अजूनही चुकतं; माझ्या सगळ्या पुस्तकांतून तुम्ही ते खड्यासारखे वेचून काढलेत; हा परिच्छेद त्याचा सूड समजा.

पाचवी पुरी झाली आहे. या वेळी प्रेमकथा, हसू नका. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय, म्हणून घाई नाही. प्रत 18 पॉइंटाच्या मोठ्या अक्षरात काढली आहे आणि दोन्ही बाजूंना समास मोठा सोडला आहे.

आपली,
जिना चढून येणारी