दुप्पट बेट आणि चाळीस टक्के

मा. संपादक,

पोकर स्पर्धांविषयीच्या मजकुरात एक सल्ला वारंवार वाचायला मिळतो: समोरच्याने पॉटपेक्षा (मध्ये जमलेल्या चिप्सपेक्षा) मोठी बेट, म्हणजे पैज, लावली की तो ब्लफ करतोय, हात कमकुवत असताना घाबरवतोय, धरा त्याला. उलटा सल्लाही तितकाच प्रचलित आहे: मोठी बेट म्हणजे मोठा हात, गुपचूप पत्ते टाका. दोन्हींत आकडा कुठेच नसतो, म्हणून हे पत्र.

बेट स्वतःच्या चिप्सच्या ढिगाशी ताडून पाहण्याची सवय आधी मोडावी. 12,000 हा आकडा अंगावर येतो. पण पॉटमध्ये 24,000 असतील तर ती अर्ध्या पॉटची, रोजचीच बेट. 6,000 असतील तर दुप्पट. कॉलला, म्हणजे समोरच्याइतकीच बेट भरायला, लागणाऱ्या चिप्सना कॉलनंतरच्या एकूण पॉटने भागले की किती टक्के वेळा जिंकायला हवे ते कळते. अर्ध्या पॉटला 25, पूर्ण पॉटला 33, दीडपटीला 37.5, दुपटीला 40, तिपटीला जवळपास 43. बेट कितीही फुगवली तरी हा आकडा 50 च्या आतच राहतो. आणि समोरच्याने 50,000 सरकवले पण तुमच्याकडे 9,000 च उरले असतील, तर तुमच्यापुरती बेट 9,000 चीच. 6,000 च्या पॉटवर ती दीडपट झाली, बाकीचे 41,000 निव्वळ देखावा.

टक्के कळले, आता ब्लफ मोजायचे. समजा पटावर, म्हणजे सर्वांसाठी उघडलेल्या पानांत, फ्लॉपला (पहिली तीन पाने) इस्पिक राजा, बदाम नव्वा, किलवर चौका, मग टर्नला (चौथे पान) इस्पिक सत्ता आणि रिव्हरला (पाचवे, शेवटचे पान) चौकट दुर्री. तुमच्या हातात बदाम एक्का आणि चौकट राजा. पॉट 6,000, समोरून 12,000. या पटावर स्ट्रेट (ओळीने पाच पाने) किंवा फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) होऊच शकत नाही. तुम्हाला हरवणारे मुख्य हात म्हणजे नव्वे, सत्ते, चौके आणि दुर्र्या यांचे तिय्ये. पटावर एकेक पान गेल्यामुळे प्रत्येकी 3 जोड्या, एकूण 12. दोन जोड्यांचे हात तूर्त बाजूला ठेवू. राजांची जोडी पट उघडण्याआधीच बहुधा रेझ झाली असती (तिने बेट वाढवली गेली असती), शिवाय एक राजा तुमच्याकडे असल्याने तिचा एकच प्रकार उरतो. हुकलेले, म्हणजे स्ट्रेटला एक पान कमी पडलेले, हात कोणते? एकाच रंगाचे गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी आणि अठ्ठी-छक्की, प्रत्येकी 4, म्हणजे तेही 12. चाळीस टक्क्यांसाठी 12 खऱ्या हातांसोबत 8 ब्लफ लागतात. तेव्हा प्रश्न नेमका होतो: समोरची व्यक्ती या बारांपैकी निदान आठांनी दुप्पट बेट लावेल का? जी हुकलेल्या हाताने चेक करून (बेट न लावता) पत्ते टाकून देते तिच्याबाबत उत्तर ‘नाही’ आहे, मग तुमचा एक्का-राजा दिसायला कितीही देखणा असो.

इथेच हातातल्या पानांचा रंग महत्त्वाचा ठरतो. तुमचा एक्का इस्पिकचा असता तर टर्नला एका पानावर आलेले आणि रिव्हरला हुकलेले एक्क्याचे इस्पिक फ्लश समोर असूच शकले नसते. म्हणजे ब्लफ कमी आणि कॉल वाईट. अनेकांना वाटते ते याच्या उलट.

आता स्पर्धेचा भाग, ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. बक्षिसांच्या उंबरठ्यावर गमावलेली चिप मिळवलेल्या चिपपेक्षा महाग असते. जाणकार याला बबल फॅक्टर म्हणतात. तो 1.5 असेल तर गमवायच्या 12,000 ची किंमत 18,000 धरायची. समोर जिंकायला 18,000 आहेत. म्हणजे 40 च्या जागी थेट 50 टक्के हवेत, आणि वरच्या उदाहरणात समोरच्याने बाराच्या बारा हुकलेल्या हातांनी ब्लफ केला तरी तुम्ही जेमतेम बरोबरीत. सर्वांत मोठा ढीग असलेला खेळाडू मधल्या ढिगांवर मोठ्या बेट का मारतो, याचे कारण हेच आहे. ‘दुप्पट बेटसमोर एक तृतीयांश हात तरी कॉल केलेच पाहिजेत’ हे सूत्र अशा वेळी पाठ म्हणणारा खेळाडू लवकर घरी जातो. पुढच्या स्पर्धेचे तिकीट देणाऱ्या सॅटेलाइटमध्ये तर शेवटी एक्क्यांची जोडीही टाकणे योग्य ठरू शकते.

टर्नवरची मोठी बेट वेगळी, कारण एक पान बाकी असते. फ्लश व्हायला एक पान हवे असेल तर न दिसलेल्या 46 पैकी 9 उपयोगी, म्हणजे 19.6 टक्के. ‘लागला तर पुढे भरपूर मिळेल’ हा युक्तिवाद तपासून पाहा. 6,000 वर 12,000 च्या बेटला कॉल करायचा तर फ्लश लागल्यावर एकूण सुमारे 49,300 मिळायला हवेत. 18,000 समोर आहेत; उरलेले 31,000 हून अधिक रिव्हरला मिळायला हवेत, तेही दर वेळी. कुणाही एकाकडे त्यानंतर 18,000 च उरत असतील तर विषय संपला.

पट उघडण्याआधीच्या अवाढव्य बेटचे गणित मात्र उलट्या दिशेने जाते. 30 बिग ब्लाइंडचा (सक्तीच्या मोठ्या बेटच्या तीसपट) ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावणे, एक्क्यांच्या जोडीने क्वचितच येतो; ज्यांना फ्लॉप बघायची धास्ती असते असे हात, म्हणजे मधल्या जोड्या आणि एक्का-राजा, तिथे जास्त भेटतात. म्हणून सरसकट कॉल करावा असे नाही. बिग ब्लाइंडच्या जागेवरून, एका बिग ब्लाइंडचा अँटी (सुरुवातीचा सक्तीचा भरणा) धरून, 32.5 साठी 29 घालायचे, म्हणजे 47 टक्के हवेत, नेहमीच्या 2.2 बिग ब्लाइंडच्या रेझला हेच 20 टक्के असते. एक्का-राणी इथे फसवते: मधल्या जोडीसमोर जवळपास बरोबरी, पण एक्का-राजासमोर साधारण चौथा हिस्सा.

शेवटी टेबलावरची बाब. ‘कॉल’ हा शब्द बांधून ठेवतो. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांत बेट किती आहे हे नीट पाहण्याची जबाबदारी कॉल करणाऱ्याची आहे. 9,000 समजून कॉल केला आणि चळत 19,000 ची निघाली तर पूर्ण भरावे लागतात. म्हणून आधी डीलरला मोजायला सांगावे, मग तोंड उघडावे. ब्लाइंड 500-1,000 असताना कुणी न बोलता 5,000 ची एकच चिप पुढे टाकली तर तो 1,000 चा कॉल आहे, रेझ नाही. ती मोठी बेट समजून घाईत पत्ते टाकून देणारेही दिसतात.

आपला,
एक वाचक