पाकिटावरची बारीक अक्षरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत बीपी, शुगर, गुडघे यांवर नेहमी काहीतरी छापून येतं. पोट साफ न होण्यावर मात्र जाहिरातींपलीकडे काही वाचल्याचं आठवत नाही. विषय चारचौघांत काढण्याजोगा नाही, मान्य. पण ३१ वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला कसली लाज! गाडी वेळेवर सोडायची आणि स्टँडवरच्या संडासात पाय ठेववत नाही, म्हणून कळ दाबून धरायची सवय लागली. त्यातून कोठा जो जड झाला, तो निवृत्तीनंतरही तसाच राहिला.

मागच्या थंडीत मेडिकलमधून ईसबगोल आणलं. प्रोस्टेटमुळे रात्री तीनदा उठावं लागतं, म्हणून अंधार पडल्यावर मी पाणी तोडलेलं. दोन चमचे भुसा कोरडाच तोंडात टाकला, वर दोन घोट पाणी, आणि आडवा झालो. थोड्या वेळात छातीत बोळा बसला. थुंकीसुद्धा गिळवेना. हार्ट अटॅक समजून मुलाने दवाखान्यात नेलं. ईसीजी ठीक निघाला. दुर्बिणीतून पाहिल्यावर अन्ननलिकेत फुगलेल्या भुशाचा गोळा दिसला. तो काढला.

"काका, घरी एक चमचा वाटीभर पाण्यात भिजवून बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाहिलं. नुसता चिकट लगदा. तो आतड्यात पाणी धरून मळ मऊ करतो, म्हणून औषध. घशातच फुगला की बूच.

त्यांनी आणखी एक विचारलं, बीपीची गोळी त्याच्यासोबतच घेता का? घेत होतो. भुसा गोळीलाही धरून ठेवतो, म्हणून दोन तासांचं अंतर हवं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाकिटावर होतं म्हणे, इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत.

यानंतर मी आळीतल्या म्हाताऱ्यांची चौकशी सुरू केली (सौ.ला हे अजिबात आवडलेलं नाही). एक जण बिसाकोडिल नावाची जुलाबाची गोळी रोज रात्री गरम दुधासोबत घेतात आणि पोटात मुरडा येतो म्हणून रडतात. त्या गोळीवरचं आवरण दुधाने आतड्यात पोचायच्या आधी जठरातच विरघळतं. ती पाण्यासोबत, न चावता गिळायची असते. दुसरे एक 'आयुर्वेदिकच आहे हो' म्हणत वर्षभर चूर्ण फाकतात. डब्यावर पाहिलं तर सोनामुखी. ती आतड्याला ढोसून काम करून घेते. आठवड्याच्या वर अशी औषधं आपल्या मनाने चालू ठेवू नयेत. रोजच्या जुलाबांतून पाणी आणि पोटॅशियम निघून जातं. तिसऱ्यांची किडनी अधू, आणि पोट साफ व्हायला घेतात मिल्क ऑफ मॅग्नेशिया! अशांच्या रक्तात मॅग्नेशियम साठत जातं. त्यांना मी हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. पोटात दुखत असेल, उलट्या होत असतील, शौचात रक्त दिसत असेल किंवा वजन उतरत असेल, तर मेडिकलची पायरी न चढता थेट डॉक्टर गाठावा, हेही तिथेच कळलं.

मेडिकलवाल्यांना माझी एकच विनंती. ही औषधं चिठ्ठीशिवाय देता, तर देताना दोन प्रश्न विचारा: दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि किती दिवसांपासून त्रास आहे? लोहाच्या आणि काही वेदनाशामक गोळ्यांनीही शौचाला खडा होतो. अशा माणसाला आधी ती गोळीच डॉक्टरांना दाखवून यायला सांगा. तिकीट फाडताना आम्ही 'कुठे जायचं?' एवढं तरी विचारायचो.

कंपन्या मराठीत ठळक छापतील तेव्हा छापतील. आमच्या डब्यावर नातीने मार्करने लिहून ठेवलंय: 'आजोबा, पूर्ण पेला पाणी. बसून. झोपताना नाही.' आता संध्याकाळी सहालाच घेतो.

– एक निवृत्त एसटी वाहक, सातारा