तिकडे आपलं काय आहे?

बँकॉक,
गुरुवार, रात्रीचे साडेदहा (तुमच्याकडे नऊ)

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोटो पाठवलेत, ते शेजारच्या काकूंनाही दाखवून झाले असतील. पण निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी जे विचारलं त्याचं उत्तर फोटोत मावत नाही, म्हणून हे पत्र. "तू जा. आम्ही कशाला? तिकडे आपलं काय आहे?" असं म्हणून बाबांनी पेपर उघडला होता. विषय संपला, असा त्याचा अर्थ, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तर बाबा, विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. म्हणतात मात्र 'सुवन्नफूम'. इथं वर धावणारी रेल्वे आहे, तिच्या स्टेशनांची नावं ऐकताना मला सारखे तुम्ही आठवत होता. 'असोक' म्हणजे अशोक. 'राचथेवी' म्हणजे राजदेवी. 'सुरासक' म्हणजे सुरशक्ती. लिहिताना जुनी अक्षरं जपून ठेवतात आणि बोलताना शेवट गिळतात, अगदी तुमच्या नववीच्या वर्गासारखं. बँकेला 'थनाखान' म्हणतात, म्हणजे धनागार. मोटारीला 'रोतयोन', रथयंत्र! आणि टेलिफोनला 'थोरसप', म्हणजे चक्क दूरशब्द. आपल्याकडे दूरध्वनी सरकारी कागदावरच राहिला. इथं भाजीवालीसुद्धा दूरशब्दच म्हणते.

हे सगळं मला हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. बँकॉक हे नाव परक्यांसाठी, ती स्वतः शहराला 'क्रुंग थेप' म्हणते. थेप म्हणजे देव. तो नावाचा नुसता आरंभ. पूर्ण नाव तिनं एका दमात म्हणून दाखवलं, आपण आरती म्हणतो तसं. त्यात महानगर आहे, नवरत्न आहे, राजधानी आहे, आणि शेवटाकडे इंद्रानं दिलेलं, विश्वकर्म्यानं बांधलेलं असा मजकूर येतो. शिक्षकाला काय म्हणतात विचारलं, तर 'ख्रू'. गुरू! माझे वडील चौतीस वर्षं संस्कृतचे ख्रू होते असं सांगितल्यावर तिनं हात जोडले. मला नाही, बाबा, तुम्हाला. इथं शाळांतून वर्षातून एकदा मुलं फुलं घेऊन गुरुवंदना करतात, 'वाय ख्रू', आणि तीही शक्यतो गुरुवारी. आज गुरुवार आहे हे मला पत्राच्या डोक्यावर वार लिहिताना लक्षात आलं.

राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. बुद्धाची मूर्ती लहानशी, लांबूनच दर्शन. माझा जीव अडकला तो भोवतालच्या ओवरीत. तिथल्या भिंतींवर सबंध रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. इथं त्याला 'रामकियन' म्हणतात. रावण म्हणजे 'थोत्सकान', दशकंठ. लढाईत सगळीकडे सोन्याचं काम, आणि कोपऱ्यात मात्र कुणी भात शिजवतंय, कुणी डुलक्या घेतंय. आता एक सांगते, चिडू नका. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या मुलगी दगड पळवायला येते आणि मारुतीराया तिच्याच प्रेमात पडतात! शनिवारी तेल वाहणाऱ्या माणसानं हे कसं घ्यावं ते तुम्ही आणि मारुती बघून घ्या.

आई, तू म्हणशील सगळं बाबांचंच लिहिलं. तुझ्यासाठी पाक ख्लोंग तलात. नदीकाठचा फुलबाजार, रात्रीसुद्धा चालू. दादरचा फुलबाजार आठव, पण चिखल कमी आणि आरडाओरडा जवळजवळ नाहीच. झेंडूचे ढीग, आणि मोगऱ्याच्या कळ्यांच्या छोट्या माळा, खाली गुलाबाचा लोलक. बायका इतक्या बारीक सुईनं ओवतात की मी अर्धा तास नुसती उभी होते. या माळेला 'फुआंग मालाय' म्हणतात, आणि गाडीच्या स्टिअरिंगलाही तेच नाव. टॅक्सीवाल्यांच्या आरशाला रोज ताजी माळ असते. केसांत माळायला मी एक घेणार होते, पण मग दिसलं की ती देवाची, माणसं माळत नाहीत. हातात धरून हिंडले.

जेवणाची तुला काळजी, आणि ती खोटी नाही. नुसती भाजी मागितली तरी तिच्यात माशांचं पाणी पडतं, 'नाम प्ला' त्याचं नाव. पण 'जे' नावाची सोय आहे. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की आत जायचं. तिथं मांस-मासळी नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. तुझा चातुर्मास तिथं बिनघोर निघेल. चिकट भाताबरोबर पिकलेला आंबा आणि वर नारळाचं दाटसर दूध असं एक गोड मिळतं, ते खाताना मला तुझा नारळीभात आठवला. आंबा गोड आहे, पण हापूसपुढे नाही. (बाबा, हे तुमच्यासाठी.)

आता जे जमणार नाही ते. फुटपाथ वरखाली आहेत, आईच्या गुडघ्याला परवडायचे नाहीत. रेल्वेला लिफ्ट आहे, पण ती रस्त्याच्या नेमकी पलीकडे निघते. अरुणाचं देऊळ, वाट अरुण, लांबूनच बघायचं. त्याच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या, मीच उतरताना बसत बसत आले. राजवाड्यात सावली कमी, तिथं सकाळी दार उघडताच जायचं. आणि एप्रिलमध्ये यायचंच नाही. त्यांचं नवं वर्ष, 'सोंगक्रान', म्हणजे संक्रांतच, तेव्हा असते; लोक रस्त्यात पाणी मारतात आणि ऊन मरणाचं.

पण नदी! चाओ फ्राया. नारिंगी झेंड्याची बोट, एसटीसारखी थांबत थांबत जाणारी, पन्नासेक रुपयांत. कंडक्टर बाई पत्र्याची नळी खुळखुळवत येते, तिच्यातच चिल्लर, तिच्यातच तिकिटं. खिडकीशी बसलं की देवळं आपणहून समोर येतात. मी तीन वेळा शेवटपर्यंत जाऊन परत आले. 'वाट फो' हे देऊळ धक्क्यापासून जवळ आहे. तिथला आडवा बुद्ध ४६ मीटर लांब. पाठीमागच्या भिंतीशी १०८ पितळी दिसणारी भांडी ओळीनं मांडलीत, प्रत्येकात एकेक नाणं टाकत जायचं. ते ठण्, ठण् साऱ्या गाभाऱ्यात घुमत राहतं. आई, तुझा जप तिथं आपोआप मोजून होईल.

फसले, तेही सांगून टाकते, नाहीतर दादा सांगेल. पहिल्याच दिवशी एका टुकटुकवाल्यानं, म्हणजे इथल्या रिक्षावाल्यानं, "आज राजवाडा बंद" म्हणून मला रत्नांच्या दुकानात नेऊन बसवलं. दोन तास आणि दोनशे बाट (इथलं चलन) गेले. विकत काही घेतलं नाही.

काल संध्याकाळी लुंफिनी पार्कमध्ये होते. लुंबिनी, बाबा. तळ्याकाठी पुरुषभर लांबीच्या घोरपडी लोळत पडतात, कुणी त्यांना दगड मारत नाही. सहा वाजता कर्ण्यावर राष्ट्रगीत लागलं आणि पळणारे सगळे जागच्या जागी थांबले. एक आजोबा बाकावर होते. काठीवर भार देऊन हळूहळू उठले, गीत संपेपर्यंत उभे राहिले, मग तितक्याच हळू बसले.

सांगलीहून मुंबईला तुम्ही रात्रभर बसमध्ये बसता. मुंबईहून इथं साडेचार तास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी. गोदरेजच्या कपाटात खालच्या खणात निळी फाईल आहे, तिच्यात दोघांचे पासपोर्ट आहेत. मुदत बघून मला कळवा. आईचा बहुतेक संपत आलाय.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, 'महाविथ्यालय' म्हणजे काय असेल सांगा बरं. उत्तर मला माहीत आहे, तरी सांगा.