बाळ्या, तळं साफ होतंय

बाळ्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधेच तोडतोस आणि मग मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच आहे.

तर, आपल्या तळ्यावर मशीन आलंय. एक बाजू पार सपाट केली, पाणकणीस मुळासकट उपटून काठावर ढीग लावलेत आणि फिरायला येणारे खूश, किती मोकळं वाटतं म्हणे. आता मशीन वळणार आपल्या कोपऱ्याकडे आणि तिथे नेमकी पाणकोंबडी अंड्यांवर बसलीय. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतात, मग? पक्षीच ना, उडेल की.

हो, पाणकोंबडीच. वारकरी म्हणतात तो पक्षी नाही. पांढरं कपाळ तो वारकरी, हिचं कपाळ लाल, चोच लाल आणि फक्त टोकाला पिवळी, हे आता पन्नाशीत तरी मान्य कर. वारकऱ्याच्या बोटांना पाळ्या असतात पोहायला, हिची बोटं नुसती लांबलचक, पाणवनस्पतींवर चालायला बरी, तरी पोहते बिचारी मान हलवत हलवत. शंकऱ्यासमोर माझी लाज काढली होतीस त्यावरून, विसरलो नाहीये मी.

मागे पाणी चढलं तेव्हा बघायला हवं होतंस. एक जण घरट्यात बसलेला, दुसरा कुजकी पानं ओढून आणून त्याच्या पुढ्यात टाकतोय, आणि बसलेला बसल्याबसल्याच ती एकेक उचलून स्वतःभोवती खोचतोय. घरटं असं हळूहळू वर वर चढवलं दोघांनी. नर कुठला, मादी कुठली हे रंगावरून कळायची सोय नाही, पण नरही भरपूर बसतो अंड्यांवर. त्यावरून आठवलं, मॅरियन पेट्री नावाच्या बाईंनी १९८३ साली छापलं होतं की पाणकोंबडीच्या माद्या बुटक्या आणि जाड्या नरांसाठी एकमेकींशी मारामाऱ्या करतात, कारण अंगावर चरबी असलेला नर जास्त वेळ अंडी उबवू शकतो. वाचलं आणि तूच डोळ्यासमोर आलास. चुकीच्या जातीत जन्मलास लेका.

घरट्यातली सगळी अंडी हिचीच असतील असंही नाही, शेजारणी गुपचूप येऊन आपलं अंडं टाकून जातात. असो.

खरी चिडचिड पुढेच आहे. मी कंत्राटदाराशी बोललो. माणूस वाईट नाही, ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेब तेवढं घरटं सोडतो, चारी बाजूंनी साफ करतो. आता याला काय सांगायचं? घरटं सोडून उपयोग काय रे! पिल्लं एकदोन दिवसांत घरट्यातून बाहेर पडतात, मग आईबाप त्यांना गवतातून फिरवत भरवतात, झोपायला वेगळे मचाण बांधतात. आणि पहिल्या विणीची पोरं, ती मळकट तपकिरी, अजून तिथेच आहेत, तीसुद्धा धाकट्यांना भरवतात. सगळं कुटुंब काठच्या त्या दाटीत राहतं. घार दिसली की शेपटी उडवत आत, फारच अंगावर आलं तर पाण्याखाली जाऊन फक्त चोच वर ठेवून बसायचं. उडायचं म्हटलं तर आधी पाण्यावर धावत सुटावं लागतं. चारी बाजूंनी साफ केलं तर कावळ्यांना लांबूनच दिसणार घरटं, आपण दाखवून दिल्यासारखं. गोगलगायी, किडे, कोवळे कोंब, खाणं तरी कुठे उरणार?

मला अख्खं काम थांबवायचं नाहीये, तेवढा कोपरा थोडा उशिरा करा एवढंच. अंडी उबायला तीनेक आठवडे आणि पिल्लं उडायला पुढचे सहासात. अर्ज लिहिलाय पण तो ज्यांना द्यायचा ते साहेब म्हणतात पक्षी कायम असतात याला पुरावा काय. माझ्याकडे फोटो आहेत ते अलीकडचे. जुनं सगळं तुझ्या वह्यांत, कारण मी बघायचो आणि तू लिहायचास (आणि माझं नाव कुठेच टाकलं नाहीस, तेही माहितीये मला).

तुझ्या बदलीचं कळलं, सुटलास. पोरीचा निकाल चांगला लागला म्हणे, तिला सांग काकाने पार्टी मागितलीय. काकूंना नमस्कार.

वह्यांची पिल्लं दिसलेली पानं तेवढी शोध, तारीख नीट दिसेल असे फोटो काढ आणि रविवारपर्यंत पाठव. खाडाखोड असली तरी तशीच राहू दे, पुन्हा सुवाच्य लिहीत बसू नको. सोमवारी अर्जाला जोडून देतो.

तुझाच,
नंद्या