सूचना: वेशभूषेच्या पेटीसाठी कपडे देताना

सर्व पालक सभासदांना नमस्कार. मुलांच्या नाटक-नाटक खेळासाठी कपडे निवडताना आधी गळ्याकडे बघा. पाठीवरच्या झग्याला नाडी नको, ओढ बसताच सुटणारा वेल्क्रो हवा. नाडी घसरगुंडीत अडकली तर फास बसतो. मुखवट्यापेक्षा टोपी बरी. ३ वर्षांखालच्या मुलांसाठी सुटे मणी, टिकल्या नकोतच. दिव्याच्या मुकुटातल्या बटण सेलचा (छोट्या चपट्या गोल बॅटरीचा) कप्पा स्क्रूने बंद आहे ना, हे नक्की तपासा. गिळलेला सेल २ तासांत अन्ननलिका भाजू शकतो.

आणि अगदी मनापासून सांगते, ठरावीक पात्राच्या तयार पोशाखापेक्षा मोठ्यांचे जुने शर्ट, पिशव्या, बिनकाचेच्या चष्म्यांच्या फ्रेम द्या. तोच शर्ट आज डॉक्टरचा कोट होतो, उद्या पोस्टमनचा. मुलगे-मुली अशी वाटणी करू नका. कपडे धुऊनच आणा.