मंत्रीमहोदय, आमचं सिलिकॉन घट्ट होत नाही

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री, भारत सरकार, यांस
स.न.वि.वि.

पत्रास कारण की, परवा आमच्या प्रयोगशाळेत एकदाचं पार्सल आलं. सिलिकॉनचे दोन डबे, अ आणि ब. अकरा आठवडे ते मुंबईच्या कुठल्याशा गोदामात एका कागदासाठी पडून होते. कागद कोणता, हे ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगे. डब्यांवर छापलंय, थंड व कोरड्या जागी ठेवा. एप्रिल-मेची मुंबई! दोन्ही सारखे घेतले, कालवले, साच्यात ओतले. चार तासांत रबर व्हायला हवं. रात्रभर थांबलो. सकाळी साच्यात काकवी.

आपला वेळ अमूल्य आहे, तरी मी काय करतो ते सांगतो. पुण्यात पीएच.डी. करतो. या सिलिकॉनचं, स्पर्श कळणारं मऊ बोट बनवतो. बोटाच्या आत ताणली जाणारी पारदर्शक नळी, एका टोकाला एलईडी, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा डायोड. बोट वाकलं, दाबलं गेलं की वाटेत थोडा प्रकाश गळतो. किती गळला त्यावरून दाब कळतो. 2016 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट शेफर्ड यांच्या गटानं असा हात केला. त्याला तीन टोमॅटोंतला सगळ्यात पिकलेला कोणता ते कळलं. वाचून आधी हसलो, कारण मी जुन्नर तालुक्यातला. नारायणगावच्या बाजारात माझी आई हे न बघता करते. मग काका आठवले.

काकांचा उजवा हात कडबा कुट्टीत, म्हणजे वैरण कापायच्या यंत्रात, गेला तेव्हा मी नववीत होतो. वैरण सारताना मनगटापर्यंत आत. शिबिरात मिळालेला प्लास्टिकचा हात खुंटीला टांगलेला असतो, लग्नकार्यापुरता घालतात. त्यानं टोमॅटो धरला तर एकतर निसटतो, नाहीतर फुटतो.

2023 पासून आपण फेलोशिप महिन्याला 37,000 केलीत, आभारी आहे. गेले नऊ महिने मला तिचं दर्शन झालेलं नाही. फाईल एका कार्यालयात आहे. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की फाईल गठ्ठ्यात आणखी खाली जाते, एवढं संशोधन माझं पूर्ण झालंय. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचे पैसे कुठे खर्चले त्याचा दाखला, आलं नाही म्हणाले. पाठवलं, तर नमुना जुना. नव्या नमुन्यात पाठवलं, तर पोर्टल बंद. मेसवाले हल्ली मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात, आणि पुढे वही सरकवतात. गेल्या महिन्यात काकांनी दोन शेळ्या विकून वीस हजार दिले. नोटा मांडीवर ठेवून डाव्या हातानं दोनदा मोजल्या. मी घेतले. आपण घेतले असते का?

पैसा नाही असं तर आपण म्हणू शकत नाही. 2025 मध्ये संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केलीत. त्याआधी 2023 मध्ये संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अनुसंधान फाउंडेशनचा कायदा केला, पाच वर्षांत 50,000 कोटी, त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून येणार म्हणे. आले का हो? 2020-21 मध्ये देशाच्या उत्पन्नाचा 0.64 टक्का संशोधनावर गेला. कोरियावाले पाचच्या आसपास असतात. 2022 च्या जुलैत संशोधन संस्थांच्या उपकरणांवरचा जीएसटी 5 वरून 18. 2024 च्या बजेटात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं आयातशुल्क 10 वरून थेट 150! ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत संशोधकांपुरतं मागे घेतलंत. ज्यानं तो आकडा लिहिला, त्याला पिपेट आणि पिचकारीतला फरक ठाऊक होता का? खरेदीचे नियम 2025 च्या जूनमध्ये सैल केलेत असंही वाचलं. आमच्या लेखा विभागाला कुणी कळवलेलं दिसत नाही. तिथे अजून सगळ्यात स्वस्त डायोडच पास होतो, आणि तो अंधारातही उजेड दाखवतो.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, मात्र न चुकता हार-तुरे. 1928 साली रामन यांनी किती साध्या उपकरणांवर काम केलं, हे दरवर्षी आम्हाला अशा सुरात ऐकवतात, की आम्हीही भिंग आणि उन्हावर भागवावं. त्यांच्याच नावाचं स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशावरून पदार्थ ओळखणारं यंत्र, घ्यायचं तर आम्ही परदेशी कंपन्यांचे कॅटलॉग चाळतो. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र जर्मनीला गेला. तिकडे सिलिकॉन दुसऱ्या दिवशी येतं, असं त्यानं लिहिलं आणि खाली हसरा चेहरा टाकला. मी त्याला ब्लॉक केलं.

आणि खरं सांगू का, त्या कुट्टीच्या तोंडाशी पत्र्याचं साधं कव्हर असतं, तर माझा हा विषयच नसता. कव्हर कुणी लावायचं, कुणी तपासायचं, हे पंधरा वर्षांत गावात कुणी विचारायला आलेलं नाही. इथे हात गेल्यावर शिबिर भरतं, बॅनर लागतो, फोटो निघतो.

मागण्या दोनच होत्या, त्या लिहायच्या राहिल्या: नऊ महिन्यांची फेलोशिप, आणि नाशवंत मालाच्या कागदाला तारीख बघून हात लावणारा एक माणूस.

सोबत त्या सिलिकॉनची डबी पाठवतोय. उघडताना जपून. हाताला लागलं तर साबणानं निघत नाही, स्पिरिट लागतं. आमच्याकडचं संपलंय.

कळावे,
आपला,
एक संशोधक विद्यार्थी, पुणे